देवळाच्या मंडपात ‘एलिझाबेथ’ का नको?

पेडणे महालातील एका देवस्थानच्या समितीपुढे मी मागे एक साधा अर्ज केला होता. जत्रेच्या रात्री दशावतारी मंडळींचा काला सुरू व्हायला मध्यरात्र उलटते. दिवेलागणीपासून तोपर्यंत गावची मुले मंडपात नुसती हुंदडत असतात, किंवा एखाद्या खांबाला टेकून मोबाईलच्या उजेडात तोंड खुपसून बसतात. तेव्हा त्या वेळात मंडपाच्या एका बाजूस पडदा लावून, चित्रपटाच्या मालकांची रीतसर परवानगी घेऊन, मुलांना ‘एलिझाबेथ एकादशी’ हा मराठी चित्रपट दाखवावा, खर्च मी सोसतो, असे माझे म्हणणे होते. अर्ज नामंजूर झाला. नामंजुरीचे मला दुःख नाही. वकिली करणाऱ्याला तिची सवय असते. दुःख आहे ते नामंजुरीच्या कारणांचे. ती कारणे एका समितीपुरती असती तर मी हा लेख लिहिला नसता. परंतु पेडण्यापासून डिचोलीपर्यंत ज्या ज्या सुशिक्षित गृहस्थांपाशी मी हा विषय काढला, त्यांपैकी बहुतेकांनी मला तीच कारणे, त्याच क्रमाने ऐकवली. म्हणून हे अपील मी आता वाचकांच्या न्यायासनापुढे दाखल करीत आहे.

प्रथम, ज्यांनी चित्रपट पाहिला नाही त्यांच्यासाठी हकीकत सांगतो. परेश मोकाशी यांनी दिग्दर्शित केलेला आणि मधुगंधा कुलकर्णी यांनी लिहिलेला हा चित्रपट २०१४ साली १४ नोव्हेंबरला, म्हणजे बालदिनी, प्रदर्शित झाला. कथा पंढरपुरातली. ज्ञानेश आणि त्याची धाकटी बहीण मुक्ता ही बापाविना पोरकी झालेली दोन मुले. बापाने स्वतःच्या हातांनी जुळवलेली एक सायकल एवढीच त्याची आठवण घरात उरलेली. तिचे नाव ‘एलिझाबेथ’. आई विणकाम करून घर चालवते. कर्ज थकते, विणकामाचे यंत्र जप्त होते, आणि ते सोडवण्यासाठी सायकल विकण्याची पाळी येते. इकडे कार्तिकी एकादशी तोंडावर आलेली. वारकऱ्यांनी पंढरी फुललेली. मग ही मुले आपल्या सवंगड्यांना घेऊन, आईच्या नकळत, जत्रेत बांगड्यांचा गाडा लावतात. कथा म्हणाल तर एवढीच. पण ती सांगितली आहे ती आरंभापासून अखेरपर्यंत त्या मुलांच्या उंचीवरून. मोठ्या माणसांना जिथे कर्ज, व्याज आणि लाज दिसते, तिथे मुलांना एक जिवाभावाची मैत्रीण घराबाहेर जाताना दिसते.

आता समितीचे पहिले कारण. ‘एकादशीच्या पवित्र नावाशेजारी इंग्लंडच्या राणीचे नाव? आणि तेही देवळात?’ हा प्रश्न विचारणारे गृहस्थ वयाने आणि मानाने मोठे आहेत. पण ते ज्या मुलखात राहतात त्या मुलखाच्या देवांची कुळकथा त्यांना क्षणभर विसरलेली दिसली. शिरगावची लईराई, मुळगावची केळबाई, मयेची महामाया, मोरजीची मोरजाई या आमच्या सात बहिणींच्या मेळ्यातल्या. आपला भाऊ खेतोबा याच्यासह त्या हत्तीवर बसून या भूमीत आल्या, असे आमच्या आज्यांनी आम्हांला सांगितले आणि आम्ही ते निःशंक मनाने ऐकले. त्याच सात बहिणींपैकी एक म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीच्या रूपाने नांदते, अशी लोकांची श्रद्धा आहे. लईराईची मोगरीची फुले तिकडे जातात आणि तिकडचे तेल शिरगावला येते. भावाबहिणींच्या नात्याने परक्या नावाची सायबीण ज्यांच्या देवीच्या घरची होऊ शकते, त्यांना एका पोरक्या मुलाच्या सायकलीचे परके नाव का बोचावे? मूल ज्या वस्तूवर जीव लावते तिला ते नाव देते, आणि मनात भरलेले सर्वांत भारदस्त नाव देते. पंढरपुरातल्या मुलाने आपल्या सायकलीला राणी केले यात विठ्ठलाचा अधिक्षेप नाही. ज्या वृत्तीने आमच्या पूर्वजांनी वारुळात देवी ओळखली, त्याच वृत्तीचा हा बालसुलभ आविष्कार होय.

किंबहुना मी म्हणेन की कल्पनेच्या या खेळात आमचे देवच मुलांचे पहिले सवंगडी आहेत. पेडण्याच्या पुनवेची रात्र आठवा. आपले देऊळ बांधून द्या म्हणून हट्ट धरणारा, रुसून रानाकडे धावणारा भूतनाथ आणि त्याची समजूत घालणारे भक्त यांच्याकडे जरा मुलाच्या डोळ्यांनी पाहा. देव हट्ट धरतो, मोठी माणसे त्याला समजावतात! घरात जे आपल्या वाट्याला येते तेच देवाच्याही वाट्याला येते, हे त्या गर्दीत बापाच्या खांद्यावर बसलेल्या मुलाला जितके कळते तितके तुम्हां-आम्हांला कळत नाही. ज्या समाजाच्या परंपरेत एवढी कल्पनाशक्ती भरलेली आहे, त्या समाजाच्या धुरीणांनी मुलांच्या कल्पनेला घाबरावे, हे मला विपरीत वाटते.

दुसरे कारण अधिक गंभीर आहे. ‘या चित्रात मुले आईपासून लपवून व्यवहार करतात आणि पंढरीची वारी म्हणजे जणू विक्रीचा बाजार असे दिसते. मुलांनी यातून काय घ्यावे?’ बाजाराचे आधी पाहू. आमच्या कोणत्या जत्रेत फेरी भरत नाही? खाजे, चणे, लाडू, कांकणे आणि खेळणी यांच्या गाड्यांवाचून जत्रा झाल्याचे कोणी पाहिले आहे काय? त्या गाड्यामागे बसलेल्या खाजेकाराचे पोरही आमच्याच देवीचे लेकरू आहे. ते रात्रभर जागते, पेंगते, सुटे पैसे मोजते, आणि पालखी जवळ आली की तराजू सोडून हात जोडते. त्याला देवी आणि धंदा यांत विरोध दिसत नाही. विरोध दिसतो तो आपल्यासारख्या, मंडपात मानाच्या जागी बसणाऱ्यांना. कारण फेरीकडून भाडे आपण घेतो, परंतु तिकडे पाठ करून बसतो. ‘एलिझाबेथ एकादशी’ने एवढेच केले की पाहणाऱ्याला गाड्याच्या पलीकडच्या बाजूला नेऊन उभे केले. यात्रेकरूंच्या गर्दीत गिऱ्हाईक शोधणाऱ्या मुलाला विठ्ठल अंतरतो, असे ज्यांना वाटते त्यांनी गोरा कुंभार आणि सावता माळी कुठे बसून नामस्मरण करीत होते ते आठवावे.

राहिली आज्ञाभंगाची गोष्ट. मी समितीतील मंडळींना विनयपूर्वक विचारले की, आपल्या याच मंडपात दरसाल प्रल्हादाचे आख्यान होते की नाही? बापाची आज्ञा धाब्यावर बसवणारा त्याहून मोठा मुलगा आपल्याला ठाऊक आहे काय? आणि पहाटे काल्याची हंडी फुटते ती कोणत्या पोराच्या कौतुकासाठी? जो आईपासून लोणी लपवून खातो आणि तिने पकडले असता तोंडावर नाकबूल करतो, त्याच्याच ना? देवाच्या खोड्या भागवतात आल्या म्हणून पावन, आणि विधवा आईचे यंत्र सोडवण्यासाठी बांगड्या विकणाऱ्या मुलाचे लपवणे मात्र कुसंस्कार, हा न्याय कोणत्या स्मृतीत सांगितला आहे? इराणातही १९९७ साली माजिद माजिदी यांनी ‘चिल्ड्रन ऑफ हेवन’ नावाचा चित्रपट काढला. त्यातली भावंडे हरवलेल्या बुटांची गोष्ट आईबापांपासून लपवतात आणि उरलेला एकच जोड पाळीपाळीने घालून शाळेला जातात. बापाच्या गरिबीला आणखी धक्का लागू नये म्हणून ती लपवतात. आज्ञाभंगाच्या पोटीही माया असू शकते, हे पाहणाऱ्या मुलाला चटकन समजते. न समजण्याचा मान मोठ्यांचा.

तिसरे कारण असे की, ‘मुलांना गरिबी, जप्ती, रडारड दाखवू नये, दाखवायचेच तर “श्यामची आई”सारखे काही दाखवा.’ हे ऐकून मला, खरे सांगतो, आनंद झाला. विरुद्ध पक्षाने आपल्याच हाताने माझा पुरावा दाखल केला तर कोणत्या वकिलाला आनंद होणार नाही? साने गुरुजींनी हे पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले. आचार्य अत्रे यांनी त्यावर १९५३ साली चित्रपट काढला आणि १९५४ साली, राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांच्या पहिल्याच वर्षी, त्याला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. पण त्यात आहे तरी काय? कर्जात बुडालेले घर आहे, सावकाराकडून होणारा आईचा अपमान आहे, आणि शेवटी मुलगा पोहोचण्याआधीच मिटलेले आईचे डोळे आहेत. जप्ती तिथेही आहे, विधिलिखित तिथेही आहे आणि रडणे तर अपार आहे. मग तो चालतो आणि हा चालत नाही, तो का? त्याला सत्तर वर्षांची धूळ बसून तो आदरणीय झाला म्हणून? पोहायला भिऊन लपून बसणारा श्याम हा काही आदर्श बालक नव्हता. तो साधा, हट्टी, भित्रा मुलगा होता, म्हणून तर तो घरोघरी आपला झाला. आपण त्या पुस्तकातला मुलगा विसरलो आणि केवळ बोधवचने लक्षात ठेवली. हा दोष पुस्तकाचा नव्हे.

दुःखाविषयी आणखी एक साक्ष देतो. २००४ साली आलेला संदीप सावंत यांचा ‘श्वास’ पुष्कळांनी पाहिला असेल. ‘श्यामची आई’नंतर सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय सुवर्णपदक मराठीला त्यानेच मिळवून दिले. कोकणातील एका लहान मुलाच्या डोळ्यांत कर्करोग होतो. शस्त्रक्रियेने जीव वाचेल, परंतु दृष्टी जाईल. तेव्हा त्याचा आजोबा काय करतो? तो नातवाला उपदेश करीत नाही. शस्त्रक्रियेआधी तो त्याला इस्पितळातून बाहेर काढतो आणि जग डोळेभर पाहू देतो. माझ्या मते मुलाविषयीचे मोठ्यांचे सारे कर्तव्य त्या अशिक्षित म्हाताऱ्याला कळले होते. आपण मात्र ज्यांचे डोळे निरोगी आहेत अशा मुलांच्या डोळ्यांवर हात ठेवून उभे आहोत, आणि त्याला संस्कार म्हणतो.

येथे वादाच्या मुळाशी यावे लागते. आमच्या लोकांना मुलांसाठी चित्रपट हवा आहे, पण मुलाचा चित्रपट नको आहे. या दोहोंतला भेद माझ्या व्यवसायातील एका दाखल्याने स्पष्ट करतो. न्यायालयात लहान मूल साक्ष देऊ शकते. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यातील ११८ व्या कलमाने साक्षीदाराला किमान वयाची अट घातली नव्हती. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याची जागा घेणाऱ्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या १२४ व्या कलमानेही ती घातलेली नाही. विचारलेला प्रश्न मुलाला समजतो काय आणि त्याचे सुसंगत उत्तर त्याला देता येते काय, एवढेच न्यायाधीश पाहतात. १९६९ च्या शपथ कायद्याने तर असेही म्हटले आहे की, बारा वर्षांखालील मुलाला शपथ म्हणजे काय हे कळत नसेल, पण खरे बोलणे हे आपले कर्तव्य आहे एवढे कळत असेल, तर त्याची साक्ष शपथेवाचूनही घ्यावी. कायद्याचा मुलावर एवढा विश्वास आहे! न्यायालय घाबरते ते एकाच गोष्टीला, ती म्हणजे पढवलेल्या साक्षीदाराला. मूल बोलते, परंतु शब्द काकांचे असतात. मूल बोट दाखवते, परंतु ते बोट मामाने धरलेले असते. अशी साक्ष उलटतपासणीच्या दुसऱ्या प्रश्नाला कोसळते.

वाचकहो, बोधपर म्हणून मुलांपुढे ठेवले जाणारे पुष्कळसे वाङ्मय आणि चित्रपट हे असे पढवलेले साक्षीदार असतात. त्यांतली मुले मोठ्यांना आवडेल तेच बोलतात, मोठ्यांना हवे तेव्हाच रडतात आणि शेवटी मोठ्यांच्या पाया पडतात. पाहणारे मूल त्यांची उलटतपासणी एका जांभईत पुरी करते. ‘एलिझाबेथ एकादशी’तली मुले पढवलेली नाहीत. ती चुकतात, भांडतात, हिशेब करतात, आणि आपली राणी वाचवण्यासाठी धडपडतात. म्हणून त्यांची साक्ष टिकते. भक्तीविषयीही त्यांची साक्ष टिकते. आपल्याला ती ऐकायचीच नसेल, तर निदान ती खोटी आहे असे म्हणू नये.

आता शेवटचे कारण, जे उघडपणे कोणी बोलले नाही, पण सर्वांच्या मनात होते: देवळात सिनेमा नको. मला माझे लहानपण आठवते. पाच-सहा वर्षांचा असेन. आजीच्या मांडीवर बसून मी प्रथम काला पाहिला. पखवाजावर थाप पडली, झांजा वाजू लागल्या आणि काळ्या झग्यातला संकासुर थेट माझ्याच अंगावर धावून आला. मी किंचाळून आजीच्या पदरात शिरलो. ती हसून म्हणाली, ‘भियेनाका रे पुता, तो आमचोच मनीस.’ सकाळी तोच संकासुर, भुवईला रंग तसाच, चहाच्या दुकानात भाजी-पाव खाताना मला दिसला. तो आमचाच माणूस होता हे खरे, आणि रात्री तो संकासुर होता हेही तितकेच खरे. दोन खरी गोष्टी एकाच वेळी मनात धरायला मला देवळाच्या मंडपाने शिकवले. पुढे वकिलीत ते फार उपयोगी पडले. साखळीला विठ्ठलापुरात चैत्रात वीरभद्र निघतो, तेव्हाही आयांच्या पदराआडून असेच शेकडो डोळे भयाने आणि कुतूहलाने पाहत असतात. देऊळ ही आमच्या मुलांची पहिली रंगभूमी आहे. तिला पडद्याचा विटाळ कसा व्हावा?

आणि पडदा तरी आला कुठून? या देशात चित्रपटाचा पाया घालणारे दादासाहेब फाळके हे १८७० साली त्र्यंबकेश्वरी, म्हणजे ज्योतिर्लिंगाच्या क्षेत्री, जन्मलेले गृहस्थ. त्यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ काढला, आणि १९१९ साली ‘कालिया मर्दन’. त्यात बाळकृष्ण कोण झाले होते? त्यांची स्वतःची लहान कन्या मंदाकिनी. कथेला आरंभ होण्यापूर्वी फाळक्यांनी त्या चिमुरडीच्या चेहऱ्यावरचे नाना भावच प्रेक्षकांना दाखवले आहेत. आमचा चित्रपट बाल्यावस्थेत होता तेव्हाच त्याने एका मुलीच्या मुद्रेवर विश्वास टाकला. शंभर वर्षांनंतर आपण त्याहून मागे गेलो काय?

विरोधकांच्या म्हणण्यात एक सत्य आहे आणि ते मी प्रामाणिकपणे मान्य करतो. पडद्याने मुलांना वेढले आहे. घराघरांत, जेवताना, अंथरुणात, प्रत्येक मुलाच्या हातात एक स्वतंत्र पडदा आला आहे आणि त्यावर काय चालले आहे याची वार्ता आईबापांनाही नसते. परंतु याचा निष्कर्ष काय? मूल कोपऱ्यात एकटे बसून जे पाहते त्याला कोणत्याही समितीची मंजुरी लागत नाही. मंजुरी लागते ती त्याच्याबरोबर आजी-आजोबांनी बसून, समोर देवाला ठेवून, एक चांगली गोष्ट पाहण्याला! सरकारने १९५५ साली मुलांच्या चित्रपटांसाठी स्वतंत्र संस्था स्थापन केली होती. २०२२ मध्ये ती राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली. आता हे काम गावांनी आणि देवस्थानांनी उचलल्यावाचून गत्यंतर नाही.

२००४ पासून भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव आमच्या राजधानीत भरतो. २०१४ साली त्या महोत्सवातील भारतीय विभागाचा पडदा उघडला तो याच ‘एलिझाबेथ एकादशी’ने. पणजीपासून पेडणे किंवा डिचोली तीस-एक किलोमीटर. देशोदेशींच्या रसिकांनी जे चित्र आमच्या अंगणात येऊन पाहिले, ते माझ्या गावच्या खाजेकाराच्या पोराने अजून पाहिलेले नाही. मोप्याच्या विमानतळावरून उठलेले विमान ते पोर रोज मान वर करून पाहते. डिचोलीकडचे पोर खाणीच्या तांबड्या धुळीत वाढलेले असते. त्यांना आपल्यासारख्याच एका मुलाची गोष्ट, जत्रेतली, एकादशीची, मराठीतली, दिसू नये अशी आपल्या धर्माची आज्ञा आहे काय?

देवस्थानच्या सभेत महाजनांना मत असते, मुलांना नसते. ज्याला मत नाही त्याची बाजू कोणीतरी मांडावी लागते, म्हणून मी ती मांडली. माझी मागणी लहान आहे. वर्षातली एक संध्याकाळ, काल्याच्या आधीचे दोन तास, मंडपाचा एक कोपरा. कालाही होईल, पालखीही निघेल, हंडीही फुटेल. येत्या जत्रेपूर्वी मी तोच अर्ज, त्याच समितीपुढे, त्याच नम्रतेने पुन्हा करणार आहे. इतर गावच्या महाजनांनी आपापल्या समितीपुढे असा अर्ज केला तर मला ते फार मोठे साहाय्य होईल. आणि ज्यांना तो फेटाळायचा असेल त्यांनी आधी एकदा चित्रपट पाहावा. पाहताना शेजारी एखादे लहान मूल घेऊन बसावे, आणि चित्रपट संपल्यावर त्याला काही समजावण्याऐवजी, तू काय पाहिलेस, असे त्यालाच विचारावे.